मानाचं कडं

आमच्या दारूगोळा कारखान्याचं प्रमाण म्हणजे एक पोलादी कडं आहे आणि ते माझ्या ताब्यात असतं, हे सुरुवातीलाच नम्रपणे नमूद करतो. तोफेचा गोळा त्यातून घट्ट पण अलगद सरकला तर पास. अडकला तर नापास, खडखडला तरी नापास. देशाचं संरक्षण याहून सोपं करून दाखवा, मी नोकरी सोडतो.

एवढ्या मोलाच्या वस्तूचा मान राखायला नको? आमच्याकडे पहिल्यापासूनची पद्धत आहे. रोज सकाळी प्रमाण अधिकाऱ्याने पॉलिश पेपर घ्यायचा आणि आपला चेहरा दिसेपर्यंत कडं आतून-बाहेरून घासायचं. माझ्या आधीचे साहेब घासत, त्यांच्या आधीचेही घासत. मी तर सुट्टीच्या दिवशीही जाऊन घासून येतो. आमची ही म्हणते, घरातल्या एका भांड्याला कधी हात लावला नाहीत. आता भांडी आणि प्रमाण यांतला फरक तिला कोण समजावणार! मागच्या प्रदर्शनात तुम्ही नाही का रांगेत उभं राहून कड्याशेजारी फोटो काढून घेतलात? ती चकाकी माझी.

आमचा एकुलता एक मुलगा तोफखान्यात आहे. बाप गोळे पास करतो आणि पोरगा डागतो, म्हणून नातेवाइकांत आमचा भाव होता. एकदा जेवताना त्याचा फोन आला.

"बाबा, नवे गोळे नळीत जात नाहीयेत."

"असं कसं? एकेक कड्यातून काढून पाठवलाय."

"मग काय करू? आम्ही कानशीने घासून बसवतोय."

भरलेल्या गोळ्यावर कानस! माझ्या पोटात गोळा आला, तोही बहुधा मापापेक्षा मोठा. घास तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी बैठक लागली. सुरक्षा विभागाचे प्रमुख दर वाक्याला 'जपून' म्हणतात, म्हणून त्यांना सगळे जपूनराव म्हणतात. भरलेला गोळा कानशीने घासणं धोक्याचं आहे, हे त्यांनी तत्काळ मान्य केलं आणि प्रत्येक तोफेमागे एक चष्मा, एक हातमोज्यांची जोडी आणि 'कानस जपून मारा' अशी पाटी मंजूर केली. कोणीतरी नवखा म्हणाला, आधी कडंच का मोजू नये? मोठ्या साहेबांनी त्याला समजावलं की कड्यावरून सगळं मोजायचं असतं, कड्याला मोजण्याइतकं मोठं या कारखान्यात कोणी नाही. हेही खरंच होतं. तेव्हा गोळे प्रमाणात आहेत आणि तोफा लहान आहेत, असा निष्कर्ष एकमताने निघाला.

सगळ्या तोफांच्या नळ्या आतून कोरून मोठ्या केल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं काही रिकामटेकडे म्हणाले. पण गोळे सरसर आत जाऊ लागले की नाही? कानशी परत जमा झाल्या, पाट्या मात्र राहू दिल्या. पुढे माझं घासणं चालू, यंत्रवाले कड्याला भरतील असे गोळे काढणार, आणि गोळा वाढला की नळ्या पुन्हा कोरायला. हाताला काम मिळालं.

कोरून कोरून नळ्या पातळ झाल्या, तेव्हा बारूद कमी भरायची सूचना जपूनरावांनी केली. मग गोळे अलीकडे पडू लागले. यावर विश्वासार्हता समिती बसली. तिने चाचणीच्या माळावर जाऊन पाहिलं, तर गोळे लक्ष्याच्या बरेच अलीकडे, पण सगळे एकाच जागी पडत होते. विश्वासार्हता म्हणजे आणखी काय असतं हो? समितीने लक्ष्य उचलून त्या जागी आणलं आणि कारखान्याला सुवर्णपदक दिलं. शत्रूनेही तसंच पुढे सरकावं, असं कळवायचा विचार होता. वरून परवानगी आली नाही.

त्याच सुमारास मुलाला बढती मिळाली. तोफांच्या पुढे टेकडीवर एक चौकी आहे. तिथून गोळा कुठे पडतो ते बघायचं आणि मागे कळवायचं, हे त्याचं काम. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोन आला.

"बाबा, आपले गोळे आधी डोक्यावरून जायचे. आता चौकीसमोर पडतात. रोज थोडे जवळ येतायत."

हिने फोन माझ्या हातातून घेतला, त्याचं सगळं ऐकलं आणि खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या कड्याचं काय करायचं ते करा. मला माझं पोर जिवंत हवंय."

सकाळी मी कपाट उघडलं. कडं हातात घेतलं आणि मला ते लख्ख कळलं. घासून घासून कडा इतक्या पातळ झाल्या होत्या की बोटाला धार लागली. त्या दिवशी घासलं नाही. मी खरोखर घाबरलो होतो. तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, कडं..."

"कड्याचं काय?"

साहेबांच्या मागे भिंतीवर आजवरच्या सगळ्या प्रमाण अधिकाऱ्यांचे फोटो होते. शेवटची चौकट रिकामी होती. ती माझी.

"काही नाही साहेब. मुलाच्या बदलीचं जरा बघाल का?"

"अहो, एवढंच ना? आधी नाही का सांगायचं! आपल्या माणसासाठी नाही करायचं तर कोणासाठी?"

साहेब शब्दाचे पक्के. आठवड्याच्या आत पोरगा मुख्यालयात भांडारात बसला. तिथे पंखा आहे, दुपारी चहा मिळतो. ही पुन्हा हसू लागली. मी तर साहेबांना भेटल्याच्या दुसऱ्याच दिवशी कडं पुन्हा घासायला घेतलं होतं. एक दिवसाचा खाडा पडला होता, तोही भरून काढला.

चौकी अर्थात रिकामी ठेवता येत नाही. तिथे दुसरा मुलगा रुजू झालाय. नाव मी विचारलं नाही, उगाच कशाला? पण चांगल्या घरचा आहे म्हणतात. घरच्यांचा आमच्या मालावर पूर्ण विश्वास आहे, कड्याशेजारी काढलेला फोटोही त्यांनी दिवाणखान्यात लावलाय.

बरं, तुमचा मुलगा हल्ली कुठे असतो?