खाटेवरचा ब्लॉक

केंदूरला आमच्या शेजारच्या धोंडिबा आप्पांकडे पाहुण्याला सतरंजी मिळायची आणि इंजिनाच्या ब्लॉकला खाट.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा नुसता लोखंडी सांगाडा. आत पिस्टन नाही, क्रँक नाही, काही नाही. वजन मी स्वतः काट्यावर केलं होतं, चौऱ्याऐंशी किलो. आप्पांचं बावन्न. विहिरीवर विजेची मोटार आली आणि दोघा भावांच्या वाटणीत जुनं डिझेल इंजिन कोणी सोडेना. पंचांनी डोकं चालवलं: इंजिन खोला. ब्लॉक थोरल्याला, क्रँक-पिस्टन धाकट्या सोपानला. अगदी काटेकोर न्याय. दोघांनाही न चालणारं इंजिन मिळालं. सोपान आपला वाटा घेऊन दौंडला गेला, तिथं त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं. बोलणं बंद.

तेव्हापासून आप्पांना जगात शत्रू एकच, गंज. "हवा खाती लोखंडाला, नाना," हे ते मला दिवसातून दोनदा ऐकवायचे. मी कोरेगाव भीमाच्या कारखान्यात स्टोअरकीपर, हजारो सुटे भाग सांभाळणारा. पण माझं मत त्यांनी कधी विचारलं नाही. दर अमावास्येला ब्लॉकला रॉकेलनं अंघोळ, मग ऊन, मग ब्रशनं ऑइल, गुळगुळीत कडांना ग्रीस आणि वरून तेलात भिजवलेलं धोतर. वर्षाला बारा वेळा. अधिक महिना आला की तेरा.

"माझ्या अंगाला जल्मात एवढं त्याल लागलं न्हाई," काकू म्हणायच्या.

"तू गंजतीस व्हय?" आप्पा विचारायचे. हे कौतुक आहे, असं त्यांना मनापासून वाटे.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी ब्लॉक खताच्या प्लॅस्टिक पिशवीत गच्च बांधून ठेवला. दसऱ्याला पूजेसाठी सोडला, तर आत पाणी सुटलेलं आणि सिलिंडरच्या भोकात तांबूस थर. घरात सुतक असल्यासारखे आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. पुढं पिशवी सैल आणि खालून उघडी राहू लागली. "बांदून घातलं की घाम सुटतो," हा शोध त्यांनी सगळ्या गावाला सांगितला. गावानं विचारला नव्हता.

एकदा मला कामासाठी दौंडला जायचं होतं. आप्पा एसटीपर्यंत आले.

"सोपानला म्हणावं, ब्लॉक झ्याक हाय. दुसरं काय बोलू नगा."

"बूथवरनं फोन करा की, आप्पा."

"ब्लॉकचा निरोप फोनवर देत्यात व्हय?"

सोपाननं निरोप ऐकला आणि ट्यूब पाण्यात बुडवत राहिला. मग म्हणाला, "क्रँक मी हितं आलो त्याच वर्षी भंगारात घातला. आप्पाला सांगा, आता पुरं करा."

परतताना एसटीत मी हे वाक्य सौम्य करायचा तीनदा प्रयत्न केला. खोटं मला जमत नाही. आप्पा फाट्यावरच उभे होते. मी जसंच्या तसं सांगितलं.

"ठाव हाय मला," आप्पा म्हणाले. "भंगारवाल्यानं तवाच सांगितलंय. तुमच्याआधी चौघांनी ह्योच निरोप आणलाय."

"मग मला कशाला पाठवलंत?"

आप्पा वळून गावाकडे निघाले. दहा-बारा पावलं चालून थांबले.

"केसं पांढरी झाली का वो त्याची?"

"निम्मी," मी म्हणालो.

"निम्मी?" आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "माझ्यापरीस नऊ वर्सांनी ल्हान हाय त्यो."