तांबड्या महालास चुना दिल्याची हकीकत

श्री. सर्व नांवें ज्याचीं आणि एकही नांव ज्यास पुरत नाहीं, त्यास नमस्कार. शके तेराशें पांसष्टांत पश्चिम समुद्रापलीकडे मूर लोकांचे राज्यीं डोंगरावरील महालाचें वर्तमान ऐसें जाहलें कीं, डोंगराची माती तांबडी, भिंती तिच्याच, सबब लोक महालास 'हमरा' म्हणत. त्यांचे भाषेंत हमरा म्हणजे तांबडी, इतकाच अर्थ. परंतु परमुलखींचा वकील भर दरबारीं हंसोन बोलिला, "मातीवरून नांव पडलेला महाल आजच पाहिला." मग पातशहा बहुत खट्टू जाहले आणि महालाचा कारभारी इद्रीस, त्यास बोलावून आज्ञा केली कीं, "समग्र भिंतींस चुना द्यावा. आजपासोन हा चंद्रमहाल. जो हमरा म्हणेल त्यास फटके."

इद्रीस हात जोडोन बोलिला, "हुजूर, लेक समुद्रकांठीं दिली, तिचें घर अद्याप पाहिलें नाहीं. रजा असावी."

"लोकांचे तोंडीं चंद्रमहाल बसला कीं खुशाल जा."

मग चुना दिला, आणि पाऊस पडला, आणि चुना वाहोन तांबडें वर आलें, आणि लोक हमराच म्हणों लागले, आणि इद्रीसानें फटके देवविले, आणि पुन्हा चुना दिला. ऐसें वर्षानुवर्षें चाललें. पातशहा वारले, पुत्र तख्तीं बसले, त्यांनींही तेंच पुढें चालविलें. इद्रीसाची दाढी पिकली, बोटें चुन्यानें फाटलीं. तो भिंतीस म्हणे, "बाई, तूं तरी ऐक." भिंत कशास ऐकते! त्याचा जीव अगदीं विटला.

पुढें गनीम आला, लढाई थोडी आणि पळापळ बहुत जाहली, आणि पातशहा किल्ल्या देवोन निघोन गेले. नव्या राजानें पुसिलें, "महालाचें नांव काय?" इद्रीसानें संवयीनें सांगितलें, "चंद्रमहाल." राजा बोलिला, "आम्ही तर हमरा हमरा ऐकोन इतके दुरोन आलों. हमराच असों द्या. चुन्याचें काम बंद. म्हातारबा, आपण घरीं जावें."

ऐसी रजा मिळाली. मग इद्रीस मजल दरमजल करीत समुद्रकांठीं गेला आणि लेकीचें दार ठोठाविलें. आंतून तिनें पुसिलें, "कोण आहे?" आपलें नांव सांगावें, तों तोंडीं भलतेंच आलें, "मी हमराचा." ज्या शब्दासाठीं जन्मभर परक्यांच्या पाठी फोडविल्या, तो आपलेच मुखीं आला, तेव्हां म्हातारा उंबऱ्यावर बसोन रडला. लेकीनें दार उघडोन त्यास ओळखिलें आणि हात धरिला. "आंत या अब्बा. इकडे सगळे हमराच म्हणतात."

एवंच, दोन पातशहा गेले, चुना किती गेला त्यास गणती नाहीं, नांव मातीचेंच राहिलें. लिहिणाराचाही हात आतां दुखतो.