पांघरुणातला टोमॅटो

सकाळी तात्यांनी आश्रयघराचं मागचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. बाग जागेवर नव्हती. काल संध्याकाळी रंगाच्या जुन्या डब्यांत टोमॅटो कसे लालबुंद लटकत होते! आज मातीवर डब्यांचे नुसते गोल ठसे उरले होते.

आणि हेही आजच व्हावं! आज संस्थेच्या अध्यक्षीणबाई पाहणीला येणार होत्या. बाग धड दिसली तर ठेवू, नाहीतर तिथे गाड्या लावू, असं त्यांनी बजावलं होतं. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या तात्यांनी, रस्त्यावर दिवस काढलेल्या पोरापोरींना हाताशी धरून ही बाग उभी केली होती. तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

न्याहारीला बसलेल्या पोरांना काही विचारावं, तोवर गाडी आलीच. बाई तरातरा मागे गेल्या, ओल्या मातीत घोट्यापर्यंत रुतल्या आणि बूट दाराशी काढून आत आल्या.

"तात्या, बाग कुठाय?"

"कालपर्यंत होती," तात्या म्हणाले.

तेवढ्यात, सगळे जिला झिपरी म्हणत ती मुलगी उठली. "आजही आहे की. पाहुणे येणार, रोपांना जपा, असं तुम्हीच म्हणालात ना तात्या? मग चांगली वस्तू रात्री बाहेर ठेवतं का कुणी?"

तिने दोघांना झोपायच्या खोलीत नेलं. खाटांखाली डबे, खिडकीत डबे, न्हाणीघरात डबे. एका खाटेवर तर सर्वांत मोठं रोप पांघरूण घेऊन आडवं झालं होतं. खाटेचा मालक असलेला पोरगा रात्रभर फरशीवर झोपला होता म्हणे.

बाईंनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाल्या, "गाड्या राहू देत बाहेरच. त्यांना सवय आहे."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. ते बाईंना पोचवायला दारापर्यंत गेले, आणि पाहतात तर काय, बूट गायब! तात्यांनी कपाळावर हात मारला. झालं, सगळं मुसळ केरात.

मागून तो खाटवाला पोरगा लगबगीने आला आणि त्यांना परत खोलीत घेऊन गेला. त्याने पांघरुणाचं टोक उचललं. टोमॅटोशेजारी बाईंचे बूट होते, लख्ख पुसलेले.

"चांगले होते," तो म्हणाला, "म्हणून आत घेतले."