दगडोबाचा पाळणा नदीपलीकडे जातो

मुलांनो, सरळ बसा. गोष्ट लहान आहे.

एका जंगलात दगडोबा नावाचा म्हातारा साळिंदर राहत होता. त्याला सगळे कळत असे. निदान त्याला तसे वाटे, आणि उलट बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्याच्या घरी स्वस्तातला रेकॉर्डप्लेअर होता आणि एकच रेकॉर्ड. त्या रेकॉर्डवर त्याची बायको पाळणा गात होती. बायको वारली होती. आवाज तेवढा उरला होता.

नातीचे बारसे ठरले. दगडोबाने जाहीर केले, "पाळणा तिची आजीच म्हणेल."

पाहुणे आले, अंगणात बसले. दगडोबाने सुई टेकवली. आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली.

"दगडोबा," शेजारचा हरबाजी तरस मागून ओरडला, "गाणं लावलंय का डास सोडलाय?"

सगळे हसले. दगडोबाचे काटे उभे राहिले.

त्याची मुलगी भागू म्हणाली, "बाबा, मंडळींना जरा पुढे सरकायला सांगा. आईचा आवाज बारीकच होता. आपण तिला चिकटूनच बसायचो की."

"पाहुण्यांनी सरकायचं? माझ्या दारात?"

त्याने रेकॉर्डप्लेअर उचलून रिकाम्या रांजणाच्या तोंडावर ठेवला. आवाज थोडा घुमला.

"डास वयात आला!" हरबाजी म्हणाला.

दगडोबाने सुईच्या दांडीवर खडा ठेवला. आवाज तसूभर वाढला. रेकॉर्ड कुरकुरू लागली.

"बाबा, घासतेय ती."

"तुला काय कळतं यातलं?"

त्यालाही काही कळत नव्हते. पण सांगतो कशाला?

मग त्याने विचार केला. सुई बारीक, म्हणून आवाज बारीक. आणि जाड, टोकदार माल तर आपल्याच पाठीवर आहे! त्याने एक टपोरा काटा उपटला, सुईच्या जागी खोचला आणि खडा वर दाबून धरला.

काय तो आवाज! खर्रर्र! नदीपलीकडची माकडे फांद्यांवरून खाली आली. पाहुणे कान झाकून उठले. पाळण्यात पोर किंचाळली. रेकॉर्डवरून काळी साल सुटत गेली, भाजल्या वांग्याची सुटावी तशी. शेवटी नुसता गुळगुळीत तवा फिरत राहिला.

भागूने ती साल ओंजळीत गोळा केली. पाळण्यावर वाकून तिने पोरीच्या कानात नाव सांगितले. आजीचेच. इतके हळू, की कुणाला ऐकू गेले नाही. पोरीला गेले. ती गप्प झाली.

दगडोबा तव्याकडे बघत उभा होता. मग घसा खाकरून म्हणाला, "हरबाजी, आलं ना ऐकू?"

हरबाजीला हसता आले असते. पण तो म्हणाला, "आलं, दगडोबा. सगळ्या जंगलाला आलं."

"मग झालं तर," असे म्हणून दगडोबाने सगळ्यांकडे पाठ फिरवली. डोळे पुसायला तेवढे पुरले.

तात्पर्य : पाहुण्यांना पुढे सरका असे कधीही म्हणू नये. त्याने मान जातो. बाकी जे जाईल ते जाऊ द्यावे.