मानेचं पीस

मानूस एका नजरेत वळखाचा असंन त मले बोलवा. सोमाजीले मी पयल्याच दिवशी कोंबडीचोर म्हनून वळखलं, लायनीतले चार लोक जमा केले अन त्याची पिशवी उलटी केली. आतून निंगाली निस्ती पिसं, तेबी कसायानं राजीखुशीनं देल्लेली. त्या चौघायनं मंग मलेच जे पाह्यलं, ते अजून माह्या डोळ्यापुढून जात नाही.

भिलाईचा लोखंडाचा प्लांट बनून राहिला होता तवाची गोष्ट. आमी खुर्सीपारच्या टिनाच्या लायनीत राहो. मी गिट्टी-सिमेटावर मजूर. सोमाजी रिगर, म्हंजे मोठमोठं लोखंड दोरखंडानं बांधून क्रेनवर चढवाचं त्याचं काम. त्याची बोटं अशी, का एकेक बोट लोखंडाची सब्बल वाटे. अन तेच बोटं घेऊन हा मानूस ड्युटीवरून आला का दारात बसे अन पिसाच्या माशा बांधे.

माशी म्हंजे खरी माशी नाही. तांदळाएवढा गळ घ्याचा, त्याले कोशाचा रेशमी धागा गुंडाळाचा, अन मंग पीस असं गोल गोल फिरवाचं, का त्याचे केस चारही बाजूनं उभे राहिले पाहिजे. पान्यावर टाकली का मासोळीले वाटे किडा बसला. आमाले वाटे सोमाजी बह्याड झाला.

कोंबड्याचं असंन त त्याले मानेचंच पीस लागे. ते पान्यात भिजत नाही म्हने. त्याच्यापाई तो कोनालेबी एकच गोष्ट इचारे, "मानेचं हाय का?" कँटिनमधी सनासुदीले कोंबडं शिजलं का आमी थाळी घेऊन समोर धावो, सोमाजी चुलीच्या मांगं. बाजूच्या लायनीतल्या वेल्डरले पोरगा झाला, तो पेढे वाटत आला. सोमाजीनं पेढा खाल्ला अन इचारलं, कोंबडा कवा कापता? तो गल्लीतून चालला का कोंबड्या मान अंगात घेत. खोटं नाही सांगत. माही बायको भागाबी पदर मानेवर घे.

कोनी हासलं त त्याचं दुसरं बोलनं ठरलेलं होतं. "मासोळीले डोळे असते बावा. मानसाले नसते." झालं, याच्यावर त्याची बोली बंद.

हे याड त्याले एका रशियन साहेबानं लावलं. सोमाजी भंडाऱ्याकडच्या तळ्याकाठचा ढिवर. बापआज्यापासून जाळं फेकनारे लोक, त्याइले गळाचंच हासू येत असंन, पिसाचं त सोडाच. पन साहेब क्रेनवरचा फोरमन, अन सोमाजी त्याच्या हाताखाली. दर इतवारी दोघं एका सायकलवर शिवनाथ नदीले जात. साहेब पायडल मारे, सोमाजी मांगं कॅरिअरवर पिसाची पिशवी धरून बसे. सारी लायन पाहे.

मले एकच चिंता. याले रशियन येत नाही, त्याले मराठी येत नाही, मंग दिवसभर करते काय? एका इतवारी मी मांगं मांगं गेलो अन बाभळीआड लपलो. पाह्यतो त काय, सोमाजी भंडाऱ्याच्या बोलीत बोलून राहिला, साहेब रशियनमधी बोलून राहिला, दोघं एकाच टाइमले, अन दोघंबी मुंडी हालवून राहिले. लायनीत सालभरात बोलला नसंन एवढा सोमाजी तिथं एका घंट्यात बोलला. मधात त्यानं डोळे पुसले. साहेबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला अन आपलं बोलनं चालूच ठेवलं.

मी घरी आलो अन लायनीले त्याची नक्कल करून दाखवली. साहेबबी मीच, सोमाजीबी मीच. डोळे पुसल्याची नक्कल त अशी वठली, का लोकायनं मले ते तीनदा कराले लावली. सोमाजीची बायको रखमा पयल्या उन्हाळ्यात त्याच टिनाखाली वारली होती, हे मले मालूम होतं. पन मले वाटे, दुखी मानूस हाय त त्याच्याभोवती थोडं हासनं-खिदळनं पाहिजे. माही अक्कल तेवढीच.

मंग साहेबाचं काम सरलं, तो आपल्या मुलखात गेला. सोमाजीचं नदीवर जानं बंद झालं. माशा बांधनं काई बंद झालं नाही. साहेबानं देल्लेला एक टिनाचा डबा होता, त्याच्यात एकेक माशी जमा होत राहिली.

एका संध्याकाळी तो माह्या दारात आला. "किसन, तुह्या राजाच्या मानेचं एक पीस दे."

राजा माहा कोंबडा. त्याच्यासारखा लढवय्या साऱ्या भिलाईत नाही, असं मीच सांगत फिरो. लढाईत त्याले कवा उतरवलं नव्हतं, कारन मले तो धरताच येत नव्हता. मी आंगनात गेलो का तो धावून येई, अन मी पान्याच्या डरमावर चढो. भागा आली का तो मांजरावानी तिच्या काखेत बसे. आता हे सोमाजीले कसं सांगाचं? मी म्हटलं, सकाळी देतो. सकाळी भागाच्या तांबड्या कोंबडीचं एक पीस पडलं होतं, ते पुसून त्याले देल्लं.

त्यानं ते उन्हात धरलं, उलटंपालटं केलं, अन माह्याकडे पाह्यलं. "राजाचं?"

"राजाचंच. माह्या हातानं उपटलं."

त्यानं पीस टोपीत खोसलं अन गेला.

इतवारी त्यानं मले बोलावलं. समोर पान्यानं भरलेली परात, बाजूले तो डबा. प्लांटमधली रशियन दुभाषी बाई त्या संध्याकाळच्या गाडीनं घरी चालली होती, साहेबाच्याच गावाची. तिच्यासंग डबा धाडाचा होता. पुन्हा कोनी जानारं भेटंन का नाही, त्याचा भरोसा नाही.

"चिठ्ठी लिवून घे ना कोनाकून," मी म्हटलं.

"मराठी त्याले वाचता येत नाही. हे वाचता येते."

अन त्यानं एकेक माशी पान्यावर ठेवाले सुरुवात केली. हे कबूतर, साहेब गेल्यावर मोठी क्रेन उभी झाली, तिच्या शेंड्यावरचं. हे निळं, नीलकंठ पाखराचं, नदीवर एकटा गेलतो अन वापस आलो त्या दिवशीचं. हा कँटिनचा कोंबडा, भट्टी पेटली त्या दिवसाचा. हा वेल्डरच्या पोराच्या बारशाचा. साऱ्या माशा पान्यावर अशा उभ्या, जशा आत्ता उडतीन.

एक करडी होती, ते त्यानं हळूच ठेवली. "हे रखमाच्या कोंबड्याचं. ती गेल्यावर मी तो कापला नाही. मांजरीनं नेला. आंगनात एवढंच पडून होतं."

मले त्याच्याकडे पाहवलं नाही, म्हनून मी परातीकडे पाह्यलं. तेवढ्यात त्यानं शेवटची माशी ठेवली, तांबडी, माही. ते घडीभर थांबली अन गेली थेट परातीच्या बुडाशी.

मी उठलो अन पळत सुटलो. आंगनात जाऊन राजावर झेप घातली. त्यानं माहा हात फोडला, गाल फोडला, मी डरमावर चढलो त तोबी डरमावर चढला. शेवटी भागा आली, त्याले काखेत घेतलं, मानेचं एक पीस उपटून माह्या हातात देल्लं अन म्हने, "एवढ्यासाठी इतके दिवस चोरावानी फिरून राहिले का तुमी?"

रगतानं भरलेला हात घेऊन मी वापस गेलो. सोमाजी डब्यात माशा भरून राहिला होता. ते बुडालेली तांबडी त्यानं धोतरानं पुसली, फुंकून तिचे केस उभे केले, अन रखमाच्या करडीच्या बाजूले ठेवली.

"सोमाजी भाऊ, थांब. ते कोंबडीचं होय. हे घे, खरं राजाचं."

त्यानं राजाचं पीस घेतलं, बोटावरून फिरवलं, मान डोलावली, अन सोताच्या टोपीत खोसलं. तांबडी जागची हालवली नाही.

"अरे ते बुडते ना."

"तू देल्लं तवाच मालूम होतं मले."

"मंग कावून धाडून राहिला?"

त्यानं डब्याचं झाकन लावलं, वरून अंगठ्यानं दाबलं.

"लायनीतला कोनी सुटला नाही पाहिजे. साहेबानं तुले बाभळीआड पाह्यलं होतं, किसन. तुही माशी कोंबडा म्हनून येते अन बुडते. पान्यात टाकली का त्याले लगेच वळखू येईन, हा तोच बाभळीआडचा होय."