भिंतीपलीकडचे विष्णुमास्तर

“शड्डू ठोक! आणखी जोरात. मांडी तुझीच हाय, काय तुटत न्हाय.”

हे वाक्य कोल्हापूरच्या एखाद्या तालमीतून ऐकू आलं असतं, तर मी मान वळवूनही पाहिलं नसतं. पण ते मी ऐकलं व्हिएतनाममधल्या एका गावात, सकाळी साडेसातला, शाळेच्या वऱ्हांड्यात, नोकरीच्या पहिल्या दिवशी. दारातून डोकावलो, तर बावीस चिमुकली पोरं ओळीनं उभी आणि त्यांच्यासमोर गुडघ्यात वाकलेला, अर्ध्या चड्डीतला एक सहा फुटी माणूस. त्यानं पेन्सिल उंचावून विचारलं, “व्हाट इज धिस, पावणं?” बावीस हात बावीस मांड्यांवर पडले. कौलांवरची कबुतरं उडाली, ती माझ्या माहितीप्रमाणे थेट शेजारच्या देशात उतरली.

“धिस इज अ पेन्सिल की!” पोरं म्हणाली.

हे विष्णुमास्तर. आजऱ्याच्या बाजूचे. तरुणपणी कुस्त्या केल्या, मग बी.एड. केलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून इंग्रजी शिकवायला परदेशात आले. येताना मुलांना बक्षीस द्यायला पाच किलो आजऱ्याचे काजू घेऊन आले. व्हिएतनामात काजू नेणं म्हणजे कोल्हापुरात गुळाची ढेप भेट आणणं. बाजारात काजूचे ढीगच्या ढीग बघून माणूस खचला असता. मास्तरांनी तिथला एक काजू तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “चव बरी हाय. पण जरा लाजरा हाय.”

मास्तर पोलिसालाही पावणं म्हणत आणि मुख्याध्यापिका लानबाईंनाही. सकाळच्या शेवयांच्या सूपमध्ये स्वतःच्या बरणीतली कांदा-लसूण चटणी घालत आणि सूपवाल्या आजीबाईंना मराठीत समजावत, “पांढरा रस्साच हाय, पण आजारातनं उठल्यागत.” आजीबाई मान डोलवत आणि पुढच्या वेळी जास्त शेवया घालत.

व्याकरणही त्यांनी मातीत आणलं होतं. “पास्ट टेन्स म्हंजे झालेली कुस्ती. तिच्यावर वाद घालायचा न्हाय. प्रेझेंट म्हंजे आखाड्यात चालू असलेली. फ्युचर म्हंजे भित्तीवरचं पोस्टर, त्याचा लई भरवसा धरायचा न्हाय.” आणि एखादं पोर अडखळलं की, “पाठ लागली न्हाय न्हवं? मग कुस्ती चालू हाय. बोल.” पोरांना यातलं अक्षर कळत नसे. तरी ती बोलायची.

माझी पोरं बोलत नव्हती. खरं दुखणं ते होतं.

मी एम.ए. इंग्रजी. लंडनच्या बातम्या ऐकून ऐकून जीभ अशी वळवून घेतली होती, की घरी चहा मागितला तरी आई विचारायची, दाढ दुखतीय का. वर्गात मी इतकं शुद्ध, इतकं हळुवार इंग्रजी बोलत असे, की पोरं माझ्याकडे मत्स्यालयातल्या माशाकडे बघावं तशी बघत बसायची. ओठ हलताहेत, बरं दिसतंय, एवढंच.

आणि मला तीन महिन्यांत बोलकी पोरं दाखवायची होती. तीन महिने झाले की पालकांसमोर एक तास घ्यायचा. पोरं बोलली तर दोन वर्षांचा करार, नाहीतर घर. घरी जायला माझी हरकत नव्हती, पण निघताना आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. गॉगल, कोट, मागे विमान, आणि वर लिहिलेलं, ‘व्हिएतनाम गाजवायला निघालेला पेठेचा ढाण्या वाघ’. खाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो. तीन महिन्यांत परतलो असतो, तर त्या अकराही जणांनी मला रोज एकेक करून विचारलं असतं, “काय वाघ, सुट्टीवर?” मी उरलेलं आयुष्य गगनबावड्याच्या धुक्यात तोंड लपवून काढायची तयारी केली होती.

त्यात मास्तरांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मधली भिंत म्हणजे प्लायवूडचा पापुद्रा. मी ‘शॅल वी बिगिन’ म्हणायचो आणि पलीकडून बावीस शड्डू पडायचे. माझा खडू फळ्यावरून घसरायचा. मास्तर आमच्याच जिल्ह्याचे, हे मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. भारत फार मोठा देश आहे, असं मोघम सांगत होतो. मास्तर मात्र मला ‘प्रोफेसर’ म्हणत आणि रोज डब्यातलं अर्धं माझ्या ताटात लोटत. “खा. मान बघ तुझी, उसाच्या चिपाडागत झालीया.”

पालक येणार त्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर लानबाई माझ्या वर्गात आल्या. सगळी तयारी झाली का, म्हणाल्या. आणि मी, पेठेचा ढाण्या वाघ, माझ्या सर्वोत्तम लंडनी इंग्रजीत म्हणालो, “तयारी उत्तम आहे. पण शेजारच्या गृहस्थांची पद्धत मुलांच्या कानांना घातक आहे. उद्या तिथं शांतता असेल तर बरं.” वर, ते नक्की शिक्षकच आहेत ना, असंही हसत हसत विचारलं. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, फार तर त्यांना हळू बोलायला सांगतील.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर चाळीस पालक. पलीकडे खरोखरच चिडीचूप. मी गळा साफ करून पहिल्या मुलाला, मिन्हला, नाव विचारलं. मिन्ह माशाकडे बघत राहिला. मी दुसरीला विचारलं. तिनं मिन्हकडे बघितलं. एका पालकानं घड्याळ बघितलं, लानबाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर फ्लेक्सवरचे अकराही शुभेच्छुक एकदम दात काढून हसले.

तेवढ्यात भिंत हादरली.

एकच शड्डू, पण म्हशीनं दार पाडावं तसा. मागोमाग आवाज, “व्हाट इज युवर नेम, पावणं?”

माझी सगळी पोरं ताडकन उभी राहिली. मांड्या कडाडल्या. “माय नेम इज मिन्ह की!” “माय नेम इज होआ की!” भिंत विचारत गेली, पोरं सांगत गेली. रंग सांगितले, फळं सांगितली, आठवड्याचे वार सांगितले. तीन महिने ती माझ्यासमोर बसून पलीकडच्या वर्गात शिकत होती. शेवटी होआनं पालकांकडे वळून हात पसरले आणि म्हणाली, “वेलकम. बसा की.” पालक बसलेलेच होते. ते उठले आणि पुन्हा बसले. मग टाळ्या.

लानबाईंनी विचारलं, ही कुठली पद्धत? मी खाली मान घालून म्हणालो, “आमच्याकडची जुनी आहे.” तेवढंच खरं बोललो.

करार खिशात घालून मी पलीकडच्या वर्गात गेलो. बावीस बाकं, एकही पोर नाही. त्यांना सकाळीच वरच्या मजल्यावर दुसऱ्या बाईंकडे हलवलं होतं. रिकाम्या वर्गात मास्तर एकटे पाणी पीत उभे होते. चड्डीखालची मांडी लालभडक झाली होती. खुंटीवर त्यांची पिशवी भरून तयार होती.

“जमलं न्हवं?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी चटणीची बरणी काढली, अर्धी माझ्या हातातल्या चहाच्या रिकाम्या मगात ओतली आणि त्या आठवड्यात ते कोल्हापूरला गेले. का गेले, ते ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं.

दोन वर्षं व्हिएतनाम गाजवून मी परतलो. चौकात नवा फ्लेक्स होता. कोट तोच, वाघ मोठा. मी तडक मास्तरांचा पत्ता शोधला. पेठेतल्याच एका तालमीच्या माडीवर त्यांचा इंग्रजीचा क्लास चालतो. जिन्यातच शड्डू ऐकू आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा मांडीवर हात मारून माझंही नाव सांगितलं. पोरं खिदळली. मास्तर हसले नाहीत, पुढच्याला विचारत गेले.

क्लास सुटला. ते फळा पुसायला लागले. दोन वर्षं पाठ केलेलं भाषण मी तिथंच सोडून दिलं. लंडन तर कुठल्या कुठं पळालं.

“मास्तर,” मी म्हणालो, “तुमची तक्रार मी केलती.”

मास्तरांनी फडकं झटकलं.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “भिंत पातळ होती.”