रेफरीचे डोळे

स्ताथिसनं लाल कार्ड दाखवलं ते कोपऱ्यातल्या झेंड्याच्या दांडीला. रेफरीला आंधळा म्हणणं ही पेरिस्तेरीच्या मैदानावरची जुनीच रीत; पण त्या रविवारी स्ताथिस दांडीला "चल, बाहेर हो!" म्हणून ओरडत राहिला, आणि दांडीनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. रेफरींच्या संघटनेनं बजावलं, "डोळे दुरुस्त कर, नाहीतर शिट्टी परत दे."

शिट्टी गेली की रविवार गेला. बायको, फ्रोसो, वारल्यापासून त्याच्याजवळ रविवारशिवाय काही उरलं नव्हतं. ती आपल्या आईशेजारी बाकावर बसून त्याला हात करायची. आता सासूबाई एकट्याच येत, लांबून तसाच हात करत. स्ताथिसही हात करी.

डॉक्टर आंथीनं तपासलं. "बुबुळावरचा पडदा शंकूसारखा पुढे येतोय, असा संशय आहे. डोळे चोळतोस?"

"प्रत्येक गोलनंतर."

"बंद कर. नजर सुधारायला नुसतं लेझर केलं तर पडदा आणखी कमजोर होईल. म्हणून लेझर बेताचं, आणि लगेच औषधाचे थेंब घालून निळ्या उजेडाखाली पडदा घट्ट करायचा."

ऑपरेशनच्या दिवशी पापण्या चिमट्यानं ताणल्यावर आंथीला ओळख पटली. "माझ्या भावाचा गोल ऑफसाइड देणारा तूच ना?"

"डॉक्टर, मला पापणीसुद्धा मिटता येत नाहीये!"

"म्हणून तर आत्ता विचारतेय."

"गोल होता! दोन धरा!"

"हलू नकोस. एक पुरे."

काही महिन्यांनी स्ताथिस मैदानात उतरला. पूर्वी दोन चेंडू दिसत, त्यांतला सोयीचा तो धरी. आता एकच होता. त्यानं हौसेनं बाकाकडे पाहिलं. सासूबाई पाची बोटं ताणून त्याच्या दिशेनं पंजा फेकत होत्या. असा पंजा म्हणजे तोंडाला काळं फासणं, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं.

मध्यंतरात तो तडक बाकापाशी गेला. "आई, हे काय?"

"दिसायला लागलं वाटतं मेल्याला!"

"मला वाटायचं, तुम्ही हात करता."

"आणि तू उलट हात करायचास! आम्ही म्हणायचो, जावई कोडगा आहे, पण मनाचा मोठा."

"आम्ही? म्हणजे फ्रोसोपण?"

"ती? ती दोन्ही हातांनी द्यायची."

स्ताथिसचा हात डोळे चोळायला वर गेला. डॉक्टरची ताकीद आठवली, तसा त्यानं तो खाली घेतला.

उत्तरार्धात त्यानं सासूबाईंच्या लाडक्या संघाविरुद्ध एक पेनल्टी दिली. धडधडीत खोटी. आणि बाकाकडे तोंड करून वाट बघत उभा राहिला.

सासूबाईंनी दोन्ही पंजे वर केले.